घरचा संगणक : आधी काय, नंतर काय

२०१५ साली गूगलच्या संशोधकांनी दोन गटांना एकच प्रश्न विचारला : इंटरनेटवर सुरक्षित राहण्यासाठी तुम्ही ज्या गोष्टी करता, त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या तीन कोणत्या? एका गटात संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारे २३१ तज्ज्ञ होते, दुसऱ्यात २९४ सामान्य वापरकर्ते. सामान्यांपैकी ४२ टक्क्यांनी अँटिव्हायरसचे नाव घेतले; तज्ज्ञांपैकी ते घेणारे होते ७ टक्के. सॉफ्टवेअर वेळेवर अपडेट करणे ही गोष्ट मात्र ३५ टक्के तज्ज्ञांच्या यादीत होती आणि सामान्यांपैकी अवघ्या २ टक्क्यांच्या.

आपल्याकडे आजही नवा संगणक घेतला की दुकानदार बिलात अँटिव्हायरसचे एक वर्ष लावून देतो आणि सुरक्षेचे काम झाले असे घरातल्या सगळ्यांना वाटते. मग तोच संगणक महिनोन्महिने अपडेटची सूचना पुढे ढकलत राहतो. मुलांच्या जन्मापासूनचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर पडून असतात. ईमेल, बँक आणि वीजबिलाचे खाते यांना एकच पासवर्ड असतो. घरगुती संगणक सुरक्षित ठेवण्याचे उपाय थोडे आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. अडचण क्रमाची आहे. जे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असायला हवे त्यावर आपण पैसे खर्च करतो आणि पहिली तीन कामे राहून जातात. म्हणून या आढाव्यात उपायांची जंत्री देण्यापेक्षा ते महत्त्वाच्या क्रमाने मांडले आहेत.

खोडीपासून धंद्यापर्यंत

आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवरचा पहिला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतले जाते. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता व फोन नंबरही घातला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाणारा हा व्हायरस कोणाचे पैसे चोरत नव्हता. पुढची बरीच वर्षे व्हायरस म्हणजे मुख्यतः खोडी, नाव कमावण्याची हौस किंवा निव्वळ नासधूस होती. त्यावरचा उतारा अँटिव्हायरस, हे समीकरण त्याच काळात पक्के झाले आणि भारतात ते रुजवण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात 'क्विक हील' बाजारात आणले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस काढण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्राममधून हे उत्पादन उभे राहिले. त्या काळात फ्लॉपी तपासून घेणे हाच खरा उपाय होता आणि तो या भावांनी घरोघरी पोचवला.

आज हल्लेखोराला खोडीत रस नाही. घरगुती संगणकावर त्याचे मुख्यतः दोन धंदे चालतात. पहिला खंडणीचा : रॅन्समवेअर तुमच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. दुसरा माहितीच्या चोरीचा. 'इन्फोस्टीलर' नावाने ओळखले जाणारे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज काही मिनिटांत उचलून पाठवून देतात. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेले आहे याची खूण. ती चोराच्या हाती गेली की त्याला अनेकदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. अशाच 'लुम्मा' नावाच्या प्रोग्रामविरुद्ध मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि युरोपोल यांनी कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजार विंडोज संगणकांवर तो सापडला होता.

असा प्रोग्राम संगणक मंद करत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. 'कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस आला असेल' हे जुने निदान त्याच्याबाबतीत निरुपयोगी आहे. आणि चोरण्यासारखे आपल्याकडे काय आहे, असे म्हणण्यातही अर्थ नाही. आधार आणि पॅनचे स्कॅन, आयकराची विवरणपत्रे, डीमॅट खाते, सातबाराचे उतारे, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या घरी तर साऱ्या सभासदांची माहिती, हे सगळे त्याच यंत्रात असते.

पहिले काम : अपडेट

प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात. त्यांतल्या काही चुकांमधून बाहेरच्याला आत शिरता येते. कंपनीला चूक कळली की ती दुरुस्ती पाठवते आणि त्याच दिवसापासून शर्यत सुरू होते, कारण दुरुस्ती पाहून चूक कुठे होती हे हल्लेखोरांनाही समजते.

'वॉनाक्राय'चे उदाहरण याबाबतीत सर्वांत बोलके आहे. विंडोजमधल्या एका चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. त्याच चुकीवर स्वार होऊन १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरले आणि सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मधले जवळजवळ दोन महिने इलाज उपलब्ध होता, तोही फुकट. ज्यांनी तो वेळेत लावला त्यांच्या संगणकांना या वाटेने काहीही झाले नाही. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, 'नॉटपेट्या' नावाच्या अशाच प्रोग्रामने जगाला वेठीस धरले. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनलही ठप्प झाले. युक्रेनमध्ये सुरू झालेली आग उरणच्या रस्त्यांवर अडकलेल्या कंटेनरपर्यंत पोचायला काही तास पुरले.

अपडेटविरुद्ध एक तक्रार नेहमी ऐकू येते : अपडेट केले आणि संगणक बिघडला. तसे कधी कधी होते, हे खरे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर रांगा लागल्या. पण ते सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांसाठीचे होते. घरगुती संगणकांना त्याची झळ जवळजवळ लागली नाही. शिवाय असा बिघाड सहसा दुरुस्त होतो. रॅन्समवेअरने गिळलेले फोटो बहुधा परत येत नाहीत. दोन्ही धोके तोलून पाहिले तर पारडे अपडेटच्याच बाजूने झुकते.

करायचे ते एवढेच : विंडोजचे अपडेट आपोआप चालू ठेवायचे आणि रिस्टार्ट मागितला की त्याच रात्री द्यायचा. झाकण मिटून लॅपटॉप झोपवला म्हणजे तो बंद झाला असे नाही. रिस्टार्ट होईपर्यंत कित्येक दुरुस्त्या लागूच होत नाहीत. ब्राउझरचे अपडेट विंडोजइतकेच महत्त्वाचे, कारण बाहेरचे जग घरात येते ते मुख्यतः ब्राउझरमधून. न वापरलेले प्रोग्राम काढून टाकावेत. जे नाही त्यात चूक राहत नाही.

विंडोज १०चा प्रश्न वेगळा आहे. त्याचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली, पण तिच्यासाठी स्वतःहून नाव नोंदवावे लागते. ज्यांचा जुना संगणक विंडोज ११ घेत नाही त्यांच्यासमोर तीन रास्त मार्ग आहेत : यंत्र बदलणे, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेणे, नाहीतर तो इंटरनेटपासून तोडून फक्त टायपिंग आणि गाण्यांसाठी ठेवणे. ज्याला दुरुस्त्या मिळत नाहीत अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहणे हा मार्ग नव्हे. मॅक वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१२ साली 'फ्लॅशबॅक' या प्रोग्रामने सुमारे सहा लाख मॅक संगणकांत शिरकाव केला होता.

दुसरे काम : बॅकअप

बाकी सगळे उपाय नुकसान टाळण्यासाठी असतात. नुकसान झाल्यावरही माणसाला उभे ठेवतो तो बॅकअप. हार्ड डिस्क आपल्या मरणाने मरते, लॅपटॉप एसटीत राहतो, तळमजल्यावरच्या घरात पुराचे पाणी शिरते. या सगळ्यांवर हा एकच इलाज चालतो.

जगभर मान्य असलेला नियम ३-२-१ या आकड्यांत सांगतात : महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीच्या घरी.

यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवणे. रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर जाते, त्यामुळे मूळ आणि प्रत एकाच वेळी जातात. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. दुसरी चूक, सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरलाच बॅकअप समजणे. संगणकावर फाइल खराब झाली की तीच खराब फाइल वर जाते. काही सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात. आपली सेवा किती दिवस ठेवते हे आधी पाहून घ्यावे. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअपमधून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, ती फक्त आशा असते.

तिसरे काम : पासवर्ड आणि दुसरे कुलूप

२००९ साली 'रॉकयू' या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले. त्यांत सर्वांत लोकप्रिय ठरला १२३४५६. आपल्याकडच्या ठरलेल्या चाली आपल्याला ठाऊक आहेत : मुलाचे नाव आणि जन्मसाल, आडनावापुढे ॲट आणि १२३, गाडीचा नंबर. हे अंदाज माणसाने बसून करायचे दिवस गेले. यंत्र एका क्षणात अशा लक्षावधी जोड्या लावून पाहते.

तरीही सोप्या पासवर्डहून मोठा धोका एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात आहे. एखाद्या छोट्या दुकानाची वेबसाइट फुटते आणि तिथला तुमचा ईमेल-पासवर्ड बाजारात येतो. चोर तीच जोडी जीमेल, फेसबुक, ॲमेझॉन अशा शेकडो ठिकाणी आपोआप लावून पाहतात. दुकानाचा दरवाजा तकलादू होता, पण किल्ली तुमच्या घराचीही तीच होती. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ पासून चालवलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या वेबसाइटवर स्वतःचा ईमेल टाकून तो अशा किती फुटलेल्या याद्यांत आहे हे फुकट पाहता येते. पाहिले की बहुतेकांना धक्का बसतो.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठे अक्षर, आकडा आणि चिन्ह हवेच, ही शिस्त अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरली. त्याच संस्थेने २०१७ मध्ये ती मागे घेतली. सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढेच होते. आजचा सल्ला लांबीचा आहे : निदान पंधरा अक्षरे, आणि पासवर्ड फुटल्याची शंका आली तरच बदल. चार असंबद्ध शब्द सलग लिहिले तरी पुरे. फणस, रिक्षा, चष्मा, बुधवार असे मराठी शब्द रोमन लिपीत जोडले की लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो. छापून आलेला हा नमुना मात्र कोणी वापरू नये.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपाससारखे पासवर्ड मॅनेजर आहेत. दोन्ही फुकट मिळतात. ज्येष्ठांना ते जड वाटत असेल तर वही चालेल. कपाटात कुलूपबंद ठेवलेली वही परदेशात बसलेल्या चोराला दिसत नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी किंवा स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश मात्र नको.

यावरचे दुसरे कुलूप म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पासवर्ड बरोबर असला तरी फोनवरचा कोड किंवा मंजुरी मिळाल्याशिवाय खाते उघडत नाही. पासवर्ड चोरून होणारे बहुसंख्य हल्ले इथेच अडतात. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप चांगले, कारण सिम कार्ड फसवणुकीने दुसऱ्याच्या नावावर वळवले जाऊ शकते. पण काहीच नसण्यापेक्षा एसएमएस केव्हाही बरा. सुरुवात ईमेलपासून करावी. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दुवे तिथेच येतात. ईमेल गेला की सगळे जाते.

चौथे काम : रोजचे साधे खाते, आणि मग अँटिव्हायरस

विंडोज बसवताना जे पहिले खाते तयार होते ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते. घरातले सगळे जण वर्षानुवर्षे तेच वापरतात. त्या खात्यातून चुकून चालू झालेल्या प्रोग्रामला संगणकात खोलवर हात घालण्याची वाट सोपी असते. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन रोजच्या वापरासाठी एक 'स्टँडर्ड' खाते आणि मुलांसाठी वेगळे खाते करायला थोडाच वेळ लागतो. नवे सॉफ्टवेअर टाकताना मोठ्यांचा पासवर्ड मागितला जाईल आणि दहा वर्षांच्या मुलाने गेमच्या नावाखाली उतरवलेली फाइल तिथेच थबकेल.

आता अँटिव्हायरस. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, तो 'डिफेंडर' या नावाने विंडोजमध्येच येतो. डिफेंडर चालू असेल आणि अपडेट होत असेल तर सामान्य घराला तो पुरतो. विकतचा घेतला तरी काही बिघडत नाही; मराठीत फोनवर मदत मिळते म्हणून अनेक घरे तो घेतात आणि ते कारण योग्यच आहे. मात्र एका वेळी एकच ठेवावा आणि मुदत संपलेला ठेवू नये. डिफेंडरच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये ठरावीक फोल्डरांवर अनोळखी प्रोग्रामला हात लावू न देण्याची सोय आहे. ती आपोआप चालू नसते. फोटोंच्या फोल्डरसाठी चालू करावी.

पेन ड्राइव्ह आणि 'क्रॅक'

आपल्याकडचे दोन धोके इंग्रजी मार्गदर्शिकांत पुरेसे सापडत नाहीत. पहिला पेन ड्राइव्हचा. दाखल्याची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथल्या संगणकात दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात. घरी आणून लावला की आतल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात : तेच नाव, तेच चित्र, फक्त कोपऱ्यात एक छोटा बाण. मूळ फोल्डर लपवलेला असतो. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की फोल्डर उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. पण त्याच क्लिकने आधी व्हायरस चालू झालेला असतो. यावर उपाय असा : प्रिंटसाठी वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवावा, त्यात फक्त लागणारी फाइल न्यावी आणि परत आल्यावर काहीही न उघडता तो फॉरमॅट करावा. दुकानाच्या ईमेलवर आधार पाठवायचेच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' पाठवावे आणि प्रिंट निघाल्यावर फाइल डिलीट करायला सांगावी.

दुसरा धोका 'क्रॅक'चा. फोटोशॉप, ऑफिस, गेम किंवा खुद्द विंडोज फुकटात 'ॲक्टिव्हेट' करून देणाऱ्या फाइलींसोबत एक सूचना हमखास येते : आधी अँटिव्हायरस बंद करा. चोराने दार उघडे ठेवायला सांगावे आणि आपण ठेवावे, असा हा प्रकार आहे. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाचे रॅन्समवेअर प्रामुख्याने अशाच क्रॅकमधून पसरले आणि त्याचे बळी बहुतांश घरगुती वापरकर्ते व विद्यार्थी होते. लिबरऑफिस, गिम्प, इंकस्केप ही फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत, मराठी युनिकोड त्यांत चालते. संगणक जोडून देणाऱ्याने 'विंडोज टाकून देतो' म्हटले तर परवाना खरा आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

हल्ला यंत्रावर नसतो तेव्हा

यंत्रे जसजशी पक्की झाली तसतसा हल्ला माणसाकडे वळला. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या 'आय लव्ह यू' या ईमेलसोबतची फाइल प्रेमपत्रासारखी दिसत होती. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' होते, पण विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने लोकांना फक्त 'टीएक्सटी' दिसले. हा भाग लपवण्याची सवय विंडोजला आजही आहे. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केले की 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे खरे रूप उघडे पडते.

गेल्या काही वर्षांत पसरलेली एक युक्ती प्रत्येकाने ओळखायलाच हवी. एखादी वेबसाइट उघडली की 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' अशी ओळखीची चौकट येते. तिच्यावर क्लिक केले की तीन पायऱ्या सांगितल्या जातात : विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या पायरीने विंडोजची आज्ञा देण्याची खिडकी उघडते. दुसरीने वेबसाइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा त्यात उमटते. तिसरीने ती चालते आणि इन्फोस्टीलर आत येतो. फाइल उतरवली नाही, काही इन्स्टॉल केले नाही, सगळे तुमच्याच बोटांनी झाले. 'लुम्मा' पसरवण्यासाठीही ही युक्ती वापरली गेली. कोणतीही खरी तपासणी विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही. हा एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

पडदा व्यापणारा लाल इशारा, कर्कश आवाज आणि 'या नंबरवर फोन करा' हा दुसरा प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद करावा, होत नसेल तर संगणक बंद करावा. काहीही बिघडत नाही. फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो. ही साधने स्वतः वाईट नाहीत. न्यू जर्सीतली मुलगी नाशिकच्या वडिलांचा संगणक याच साधनाने नीट करून देते. फरक फोन कोणी केला यात आहे : आपण ओळखीच्या माणसाला फोन करून मदत मागितली असेल तरच पडदा द्यावा. समोरून आलेल्या फोनवर, तो बँकेचा असो की पोलिसांचा, कधीही नाही. अशा फोनवर ज्या 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घातली जाते, तशी तरतूद भारतीय कायद्यात नाही.

बँकेची वेबसाइट ओळखण्याची एक नवी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबण्याचे दिवस कधीच संपले. ते चिन्ह बनावट वेबसाइटलाही मिळते. पत्त्याचा शेवट वाचावा.

दारातला राउटर

२०१६ साली 'मिराय'ने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले तेव्हा त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या ठरावीक साठ-बासष्ट नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या. एवढ्याशा यादीवर लाखो यंत्रे उघडली. आपल्याकडे फायबर जोडायला येणारा माणूस बऱ्याचदा वायफायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकून जातो आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड कारखान्याचाच राहतो. दोन्ही बदलावेत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा. पाहुण्यांसाठी, टीव्हीसाठी आणि घरातल्या कॅमेऱ्यासाठी 'गेस्ट' नेटवर्क वेगळे ठेवावे.

घडलेच तर

संशय आला की पहिली कृती वायफाय तोडण्याची. पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नयेत. दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून बदलावेत आणि प्रत्येक खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरावा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. मगच संगणक फॉरमॅट करून बॅकअपमधून फाइली परत घ्याव्यात. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरू नये. पैसे भरूनही किल्ली मिळेलच याची खात्री नसते. डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा-कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'वर अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इनचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून संगणक साफ करण्याची साधने फुकट देते.

पैसे गेले असतील तर प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार नोंदवावी, म्हणजे पैसा पुढे सरकण्याआधी खाती गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने एक ठळक फरक केला. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि ग्राहकाने व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितले, तर त्याच्यावर बोजा नाही. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही वेळी लाजेने गप्प बसणारा माणूसच जास्त गमावतो. फसवणूक सुशिक्षितांची होते, निवृत्त अधिकाऱ्यांची होते, संगणकात नोकरी करणाऱ्यांचीही होते. घरात कोणी फसले तर त्याला आधी रागावू नका, आधी फोन लावा.

हे सगळे करायला फार तर एक रविवार लागतो. सकाळी अपडेट लावून रिस्टार्ट द्या आणि फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुपारी ईमेल आणि बँकेचे पासवर्ड वेगळे करा, दुसरे कुलूप चालू करा, घरातल्यांसाठी साधी खाती उघडा. संध्याकाळी राउटरचा पासवर्ड बदला आणि १९३० हा नंबर संगणकाशेजारी लिहून ठेवा. डिस्क सोडली तर यात एक रुपयाही खर्च नाही. स्वतःच्या घरचे झाले की पुढचा रविवार आईवडिलांच्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांच्या संगणकासाठी द्या. त्यांना याची गरज आपल्याहून जास्त आहे आणि ते स्वतःहून मागणार नाहीत.